पुरळ न उठणारा गोवर

१९५९ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे जॉन एंडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आधीच गंभीर व्याधींनी जर्जर झालेली काही बालके न्यूमोनियाने दगावली होती. शवविच्छेदनात त्यांच्या फुप्फुसांत प्रचंड आकाराच्या, अनेक केंद्रके असलेल्या पेशी आढळल्या. त्या फुप्फुसांतून एंडर्स यांनी विषाणू वेगळा काढला, तेव्हा तो गोवराचा निघाला. गोवराने मुले दगावणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. नवल होते ते असे की या मुलांच्या अंगावर गोवराचे पुरळ उठलेच नव्हते. ज्या खुणेवरून घरातली आजीसुद्धा गोवर ओळखते, ती खूणच गैरहजर होती. आणि रोग मात्र फुप्फुसांत शिरून आपले काम पुरे करून गेला होता.

याचा उलगडा पुढे झाला. गोवराचे पुरळ हे विषाणूने केलेले काम नाही. त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत विषाणू शिरला की शरीरातील पांढऱ्या पेशींपैकी ‘टी’ नावाच्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात आणि त्या झटापटीचे डाग आपल्याला अंगावर दिसतात. निसर्गाने याची उलट बाजूही दाखवून दिली आहे. काही मुलांना जन्मतःच प्रतिद्रव्ये तयार करता येत नाहीत, पण त्यांच्या टी पेशी शाबूत असतात. अशा मुलांना गोवर झाला तर पुरळ नेहमीसारखे उठते आणि बहुधा ती बरीही होतात. म्हणजे आपण ज्याला रोगाचे लक्षण म्हणतो ते पुष्कळदा शरीराच्या प्रतिकाराचे लक्षण असते. प्रतिकार नाही तिथे लक्षणही नाही. हा एवढा मुद्दा नीट ध्यानात घेतला तर प्रस्तुत लेखाचा निम्मा हेतू साध्य झाला असे मी समजेन. कारण ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे अशा माणसांची संख्या आपल्या समाजात वाढत आहे आणि त्यांचे आजार ओळखण्याची आपली रीत मात्र धडधाकट माणसाच्या मापाने बेतलेली आहे.

पन्नास वर्षांपूर्वी अशी माणसे क्वचित भेटत. भारतातले पहिले अस्थिमज्जारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली झाले; जिवंत दात्याकडून मूत्रपिंड घेऊन केलेले पहिले यशस्वी रोपण वेल्लोरला १९७१ साली. त्यापूर्वी असे रुग्ण जगतच नव्हते, तेव्हा त्यांच्या आजारांचा प्रश्नही नव्हता. आज तालुक्याच्या गावीही मूत्रपिंड बदललेला एखादा शिक्षक शाळेत शिकवत असतो, कर्करोगाची औषधे घेऊन परतलेली एखादी गृहिणी पुन्हा संसाराला लागलेली असते, संधिवातासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणारे एखादे निवृत्त कारकून रोज वाचनालयात येऊन वर्तमानपत्र वाचत असतात. एचआयव्हीची लागण झालेले आणि औषधांवर उत्तम प्रकृती राखून असलेले लोक तर आपल्या शेजारी आहेत आणि आपल्याला ते ठाऊकही नाही. ठाऊक असण्याचे कारणही नाही. वैद्यकाने दिलेले हे आयुष्य आहे. परंतु रोपण केलेला अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून शरीराची पहारेकऱ्यांची फळीच औषधाने झोपवावी लागते आणि पहारा झोपला की आत दडून बसलेले जागे होतात.

वैद्यकात अशा विषाणूंना ‘संधिसाधू’ म्हणतात. हा शब्द मराठी वाचकाला राजकारणामुळे इतका परिचित आहे की त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. वर्षानुवर्षे निमूट बसायचे, सत्ता दुबळी झाली की डोके वर काढायचे. फरक इतकाच की हे विषाणू बाहेरून पक्ष बदलून येत नाहीत. ते बहुतेक आपल्या बालपणापासून आपल्यातच मुक्कामाला असतात.

याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगत असलेल्या मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन बसतो आणि पुढे कधीतरी एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर उतरतो. ही उपपत्ती १९६५ साली व्यवस्थित मांडली ती कोणा विद्यापीठातल्या प्राध्यापकाने नव्हे, तर इंग्लंडातील सायरेनसेस्टर या लहान गावात दवाखाना चालवणाऱ्या एडगर होप-सिम्पसन या डॉक्टरांनी. सोळा वर्षे आपल्या दवाखान्यात येणाऱ्या नागिणीच्या रुग्णांची त्यांनी नोंद ठेवली. ती १९२ भरली. तेवढ्या भांडवलावर त्यांनी जगाला नवा विचार दिला. आपल्याकडील गावच्या डॉक्टरांच्या कपाटात अशा किती वह्या निघाल्या असत्या आणि किती लिहिल्याच गेल्या नाहीत, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे नागिणीभोवती श्रद्धांचे वेटोळे आहे. नागिणीचे तोंड आणि शेपटी एकमेकांना भिडली की माणूस जगत नाही, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. मग मंत्र टाकणाऱ्याकडे जायचे, गेरूचा लेप द्यायचा. सामान्यतः नागीण शरीराच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात राहते. मध्यरेषा ओलांडून वेटोळे पुरे करीत नाही. त्यामुळे मांत्रिकाला यश हटकून मिळते. पण पुरळ एका पट्ट्यात न राहता दोन्ही बाजूंना वा अंगभर पसरू लागले, तर ते प्रतिकारशक्ती ढासळल्याचे चिन्ह मानले पाहिजे. लोकसमजुतीतले भय अगदीच निराधार नव्हते. त्यावरचा उपाय निराधार होता. माझ्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांच्या कपाळावर नागीण उठली. सांधेदुखीसाठी ते कोणाकडून तरी रोज पुडी आणून घेत. त्या पुडीत स्टेरॉइड होते, हे फार उशिरा कळले. नाकाच्या शेंड्यावरही फोड आले होते. असे फोड आले की नागिणीचा विषाणू डोळ्यात उतरण्याचा धोका मोठा असतो आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला गाठायचे असते. ते लेप लावून आठ दिवस घरी बसले. त्यांचा तो डोळा गेला.

या रोगावर औषध नसते तर दैवाला बोल लावून गप्प बसता आले असते. पण अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध १९८० च्या दशकारंभापासून जगाच्या बाजारात आहे. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ते निघाले त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू केले तर त्याचा उपयोग अधिक होतो. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांच्या बाबतीत तर ही मुदत टळली तरी औषध नाकारायचे नसते; नवे फोड येत आहेत तोवर ते द्यायचेच. अस्थिमज्जारोपण झालेल्यांत आणखी एक फसवा प्रकार आढळतो. कातडीवर फोड येण्याआधी काही दिवस पोटात असह्य कळा येतात, यकृतावर घाला पडतो, आणि रुग्णाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्याची तयारी चालू असते. गोवरासारखीच इथेही ओळखीची खूण मागाहून येते, किंवा येतच नाही.

तरुण, एरवी निरोगी दिसणाऱ्या माणसाला नागीण झाली तर तिच्यामागे एचआयव्ही असू शकतो, हे आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९८० च्या दशकातच ओळखले होते. आपल्याकडेही अशा रुग्णाला, त्याची संमती घेऊन आणि गुप्तता राखून, ही तपासणी सुचवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. २०१७ च्या कायद्याने संमतीची आणि गुप्ततेची ही अट घातली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु संमती मागायची म्हणजे संभाषण करावे लागते आणि संभाषणाला वेळ लागतो. ओपीडीतील रांग पाहता तो वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न कायद्याने सुटलेला नाही.

एड्सची साथ जगाला कळली तीच मुळी अशा एका नोंदीतून. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांची हकिगत छापून आली. एरवी निरोगी असलेल्या या तरुणांना एक दुर्मिळ न्यूमोनिया झाला होता आणि पाचही जणांमध्ये सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूच्या संसर्गाचा पुरावा मिळाला होता. या हकिगतीची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. त्या न्यूमोनियावरचे पेंटामिडीन हे औषध तेव्हा केवळ त्या केंद्राकडूनच मिळे आणि त्याच्या मागण्यांची नोंद ठेवण्याचे काम सँड्रा फोर्ड नावाच्या एक कर्मचारी करीत. प्रतिकारशक्ती खालावण्याचे कोणतेही कारण नमूद नसलेल्या तरुणांसाठी हे औषध पुन्हापुन्हा का मागवले जात आहे, हा प्रश्न त्यांना पडला आणि तो त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवला. आवकजावक सांभाळणाऱ्या टेबलावरून इतक्या महत्त्वाची शंका वर गेली आणि वरच्यांनी ती दप्तरी दाखल करून टाकली नाही. आपल्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या वाचकांना या दुसऱ्या गोष्टीचे अधिक आश्चर्य वाटेल.

त्या पाच जणांत आढळलेला सायटोमेगॅलोव्हायरस भारतातील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात आहे. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. एचआयव्हीच्या रुग्णात सीडी-४ पेशींची संख्या ५० च्या खाली उतरली की मात्र तो डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, चढाई करतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात, कडेचे दिसेनासे होते, मधूनच वीज चमकल्यासारखे वाटते. एका डोळ्याचे काम दुसरा भागवत असल्याने रुग्ण तक्रारही करीत नाही आणि एक दिवस पडदाच सुटतो. हे ओळखण्यासाठी कोणते महागडे यंत्र लागत नाही. बाहुली विस्फारण्याचे थेंब घालून डोळ्यात नीट पाहणारा एक प्रशिक्षित डॉक्टर लागतो. डेव्हिड हायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली लिहिलेल्या लेखात या व्याधीला एड्सच्या साथीतील दुर्लक्षित व्याधी म्हटले होते, आणि एड्सवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच ही तपासणी शिकवावी असा आग्रह धरला होता. गंमत अशी, अर्थात तिला गंमत म्हणणे जिवावर येते, की एचआयव्हीवरील औषधे सुरू होऊन प्रतिकारशक्ती परतू लागली की काही रुग्णांचा तो शांत डोळा धुमसू लागतो. रुग्णाला वाटते औषधाने बिघडले. वस्तुतः पहारेकरी जागे झालेले असतात आणि चोर घरातच असल्याचे त्यांना तेव्हा दिसते.

भारतात एचआयव्हीवरील औषधे १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून लागण आढळताच, सीडी-४ चा आकडा काहीही असो, उपचार सुरू करण्याचे धोरण आले. धोरण उत्तम आहे. परंतु उपचार सुरू करण्यासाठी आकडा लागत नाही म्हणून तो पाहायचाच नाही, अशी ढिलाई त्यातून येऊ नये. ज्याचा आकडा तळाला गेला आहे त्याचा डोळा कोणी पाहायचा आणि केव्हा, हे त्या आकड्यावरच ठरते.

मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णांची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. १९७१ साली अशाच एका रुग्णाच्या लघवीतून एक नवा विषाणू सापडला आणि रुग्णाच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘बीके’ पडले. हाही बहुतेकांना बालपणी होऊन जातो आणि मूत्रमार्गात निद्रिस्त राहतो. रोपण केलेल्या मूत्रपिंडात तो जागा झाला तर ताप नाही, वेदना नाही. केवळ रक्तातील क्रिएटिनीन हळूहळू चढते. आता क्रिएटिनीन चढण्याचे दुसरे एक कारण असते, ते म्हणजे शरीराने परका अवयव झिडकारायला सुरुवात करणे. त्यावरचा उपाय प्रतिकारशक्ती आणखी दाबण्याचा; बीकेवरचा उपाय ती थोडी मोकळी सोडण्याचा, कारण त्याच्यावर खात्रीचे असे विषाणुरोधक औषध नाही. एकच आकडा, दोन कारणे आणि उपचार परस्परविरुद्ध! ओळखण्यात चूक झाली तर औषधच रोगाच्या बाजूने लढू लागते. आईने मुलाला वा पत्नीने पतीला दिलेले मूत्रपिंड अशा चुकीत गमावले जाऊ शकते. हे टाळायचे तर पहिल्या वर्षात ठरावीक अंतराने रक्तात विषाणूचे प्रमाण मोजावे लागते आणि गरज पडल्यास मूत्रपिंडाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

येथेच आपल्या प्रयोगशाळांच्या एका सवयीचा उल्लेख करणे भाग आहे. विषाणूची शंका आली की प्रतिद्रव्यांची तपासणी करून घेण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. निरोगी माणसात तिला अर्थ असतो. पण जुन्या संसर्गाची प्रतिद्रव्ये बहुसंख्य भारतीयांच्या रक्तात असतातच, तेव्हा ती आढळली यातून काही कळत नाही. आणि ज्याची प्रतिकारशक्ती झोपवली आहे त्याचे शरीर ताजी प्रतिद्रव्ये तयार करीलच असे नाही, तेव्हा ती आढळली नाहीत यातूनही काही कळत नाही. रुग्ण पैसे मोजतो आणि हाती निरुपयोगी कागद येतो. शोधायचा असतो तो विषाणू आणि त्यासाठी पीसीआरची तपासणी लागते. २०२० च्या जानेवारीत कोरोनाची अशी तपासणी देशात एकट्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत होत होती. पुढच्या दोन वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांतून यंत्रे आली, ती चालवणारी माणसे तयार झाली. साथ ओसरल्यावर ही यंत्रे झाकण घालून ठेवण्यासाठी नव्हती. सायटोमेगॅलो, बीके, कावीळ-ब यांचे रक्तातील प्रमाण मोजण्याची सोय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तरी असलीच पाहिजे. त्यासाठी निराळे संच लागतील आणि त्यांवर खर्च होईल, हे मान्य. पण ज्या शासनाने डायलिसिस आणि रोपणासाठी मदत देण्याचे धोरण स्वीकारले, त्याने लाखो रुपयांचे रोपण करून काही हजारांची तपासणी टाळणे हा व्यवहारही नव्हे.

कावीळ-ब चे प्रकरण तर याहून सोपे, म्हणून अधिक लाजिरवाणे आहे. यकृतात निपचित पडून असलेला हा विषाणू कर्करोगावरील काही औषधांनी, विशेषतः रिटुक्सिमॅबसारख्या औषधांनी, खवळून उठतो आणि कर्करोगातून वाचलेला रुग्ण यकृत निकामी होऊन जातो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ साली या औषधाच्या वेष्टनावरील इशारा ठळक केला. उपचारांपूर्वी रक्ताची साधी तपासणी करायची, विषाणू आढळला तर प्रतिबंधक गोळी आधीच सुरू करायची, इतकेच हे काम आहे. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून कावीळ-ब आणि क यांची औषधे मोफत मिळण्याची व्यवस्था झाली आहे. असे असताना एकाही रुग्णाची ही तपासणी राहून जाण्याचे समर्थन करता येणार नाही.

हे सारे तज्ज्ञांचे काम, सामान्य वाचकाला त्याचे काय, असा आक्षेप येईल. तज्ज्ञ मुंबईत, पुण्यात, नागपुरात आहेत. रुग्ण मात्र एसटीने घरी परततो आणि त्याचा पहिला ताप तालुक्याचा डॉक्टर पाहतो. त्याच्याही आधी पाहतात ते घरचे आणि शाळेतले, कचेरीतले सहकारी. स्टेरॉइड घेणाऱ्याला पुरता ताप चढतच नाही. अंग किंचित कोमट लागते, तो एक गोळी घेऊन हजेरी लावतो. अशा वेळी ‘काही नाही, हवा बदलली आहे’ असे म्हणणारा शेजारी नकळत घात करतो. उलट, भीती घालून औषधे बंद करायला लावणारा त्याहून मोठा घात करतो. रोपणानंतरची औषधे स्वतःच्या मनाने थांबवली तर अवयव जातो; दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी सोडले तर जीवही जाऊ शकतो. हा फेरफार डॉक्टरांनीच करायचा असतो.

शिक्षकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपास गोवराची साथ आली आणि त्यात बालके दगावली. वर्गात ल्यूकेमियावर उपचार घेणारे एखादे मूल असेल तर त्याला गोवराची लस देता येत नाही, कारण तिच्यात जिवंत विषाणू असतो. त्याचे संरक्षण भोवतालच्या मुलांनी लस घेतलेली असण्यावर अवलंबून असते. वर्गात कोणाला गोवर किंवा कांजिण्या आल्या तर त्या मुलाच्या पालकांना त्याच दिवशी कळवले पाहिजे. काही प्रतिबंधक उपाय संपर्कानंतरच्या थोड्या दिवसांतच लागू पडतात. पुरळ दिसेपर्यंत थांबायचे म्हटले, तर त्या मुलाच्या अंगावर ते कदाचित दिसणारच नाही.

राहता राहिला तो घरी पाठवताना रुग्णाच्या हाती दिला जाणारा कागद. तो बहुधा इंग्रजीत असतो, त्यावर औषधांची नावे आणि पुन्हा दाखवण्याची तारीख असते. त्याच्या पाठीवर मराठीत सात-आठ ओळी छापायला किती खर्च येतो? या माणसाची प्रतिकारशक्ती औषधाने कमी केलेली आहे, हे पहिल्या ओळीत, कोणत्याही डॉक्टरला दाखवता येईल असे. मग किंचित ताप, नवे पुरळ किंवा फोड, डोळ्यापुढे ठिपके, धाप, पोटात कळा, दोन दिवसांवर गेलेले जुलाब, बोलण्यात वा चालण्यात झालेला बदल. जिवंत विषाणूची लस देऊ नये, औषध स्वतः बंद करू नये, ही सूचना. आणि सर्वांत खाली, रात्रीही उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक.